आवाजाच्या पुढे बघ, गड्या!

विमान बघायचं असेल तर आवाज येतो तिकडे बघू नये. हे ज्ञान मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नागपूरच्या वायुसेनानगरात, एका कापूसवाल्याने दिलं. त्याआधी तीस वर्षं मी लढाऊ विमानांची कात्रणं जमवत होतो. शाळेच्या वह्यांना मिग-२१ ची चित्रं चिकटवत होतो. यवतमाळच्या गच्चीवर उभं राहून, फार उंचावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या पांढऱ्या रेघा मोजत होतो. हवाई कसरती मात्र टीव्हीवरच पाहिलेल्या. टीव्हीवर आवाज आणि विमान एकदमच येतात, त्यामुळे ही अडचण कधी कळलीच नव्हती.

१९ नोव्हेंबर २०२२, शनिवार. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचा ‘एअर फेस्ट’ नागपुरात होता आणि सूर्यकिरण हा हवाई कसरतींचा चमू येणार होता. आम्ही चौघं पहाटे पाचला निघालो. मास्तर, मिस्त्री, पाटील आणि मी. मास्तर गणित शिकवतात. मिस्त्रीचं दुचाकीचं गॅरेज आहे. पाटील कळंबकडचा शेतकरी, आणि त्याचा येण्याला सक्त विरोध होता. कापूस फुटलेला, वेचणीच्या बायांना सांगून ठेवलेलं, आणि अशा वेळी “आकाशात पाहाले” नागपूरला जायचं म्हणजे चैनच. कळंबच्या फाट्यावर चहा पिऊन तो गाडीत बसला तो केवळ वहिनी म्हणाल्या म्हणून : “जा एक दिवस. तुम्ही नसल्यानं बोंडं काही झाडावर परत चढत नाहीत.”

कळंब, देवळी, वर्धा, केळझर, बुटीबोरी. दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत मिस्त्रीने विचारलं, हे मेंटेनन्स कमांड म्हणजे काय? मी सांगितलं की हवाई दलाचा देखभाल-दुरुस्तीचा सगळा कारभार या कमांडकडे असतो. विमानांची, हेलिकॉप्टरांची, इंजिनांची मोठी दुरुस्ती करणारे जे बेस रिपेअर डेपो आहेत, ओझरला, कानपूरला, चंदीगडला, ते सगळे याच्या हाताखाली, आणि मुख्यालय नागपूर. मिस्त्री एकदम सावरून बसला. “म्हणजे आपलंच खातं की!” दिवसभर मग तो यजमान असल्यासारखा वागत होता.

इतिहास झटपट उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चं. त्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी १९८२ मध्ये ‘थंडरबोल्ट्स’ नावाचा नऊ हंटर विमानांचा चमू निघाला, तो १९८९ पर्यंत उडाला. १९९६ मध्ये बिदरला सूर्यकिरण सुरू झाला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या किरण विमानांवर. २०११ मध्ये ती विमानं प्रशिक्षणासाठी लागली म्हणून चमू थांबवला आणि काही वर्षांनी हॉक विमानांवर पुन्हा उभा केला. सारंग हा ध्रुव हेलिकॉप्टरांचा चमू २००३ चा. नावाचा अर्थ मोर, आणि हेलिकॉप्टरांवर मोरच रंगवलेला. हवाई छत्रीने उड्या मारणारा आकाशगंगा चमू १९८७ चा, आग्र्याचा. झाला इतिहास.

मैदानावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि गर्दी मात्र चांगली जून झालेली. पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या घडीच्या खुर्च्यांवर, कोणाच्या डोक्यावर वर्तमानपत्राच्या टोप्या. आम्ही घरून आणलेली भाकर आणि ठेचा गाडीतच संपवला होता, हे चुकलं. मी दुर्बीण गळ्यात घालून, छाती काढून उभा. कर्ण्यावरून घोषणा झाली. दूर कुठेतरी गुरगुर सुरू झाली. मी दुर्बीण आवाजाकडे लावली. रिकामं आकाश. मास्तरांनी फोन आवाजाकडे धरला. रिकामं आकाश. एवढ्यात पाटील शांतपणे भलतीकडेच बोट दाखवून म्हणाला, “थे पाय. नऊ हायेत.”

होते! आवाजाच्या बऱ्याच पुढे, झाडांच्या शेंड्यांवर नऊ ठिपके.

“तुले कसं दिसलं बे?” मिस्त्री.

“ज्वारी राखली हाय बाप्पा लहानपणी. पाखराचा आवाज आयकून गोफण मारली तं कणीस फुटते. पाखरू पुढंच असते.”

मास्तरांना राहवेना. फोन खिशात घालून त्यांनी तिथेच हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. विमान दोन किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्याकडे यायला सहा सेकंद. ताशी ५४० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्या वेळात ९०० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे कान आपल्याला जिथे बघायला सांगतात, तिथून विमान जवळपास एक किलोमीटर आधीच निघून गेलेलं. नदीवर पलीकडच्या काठाला कोणी धुणं आपटत असलं की आपटलेलं आधी दिसतं आणि आवाज मागून येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. विमानाच्या बाबतीत ते आठवत नाही इतकंच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. लोक सूर्यकिरणची विमानं बघतात. माझं म्हणणं, विमानांच्या मधली जागा बघावी.

हॉक हे लाल-पांढरं, दोन आसनांचं, एका इंजिनाचं प्रशिक्षण विमान. मूळ ब्रिटिश, आपल्याकडे परवान्यावर बंगळुरूत बनवलेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांची रुंदी दहा मीटरच्या आसपास. आणि सूर्यकिरण उडताना दोन विमानांच्या पंखांमध्ये अंतर किती? पाच मीटर, कधी त्याहून कमी. म्हणजे एसटी बसच्या निम्म्या लांबीएवढी फट, आणि ती ताशी पाचशे-सहाशे किलोमीटर वेगाने पळते आहे. सेकंदाला दीडशे मीटरच्या वेगाने पाच मीटर संपायला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हे जमतं कसं? मला बरीच वर्षं वाटत होतं की नऊही जण पुढे बघून, मनात रेघ आखून उडत असतील. तसं नसतं. पुढे बघतो तो एकटा म्होरक्या. बाकीचे बघतात शेजारच्या विमानाकडे. शेजारच्या विमानावरच्या ठरलेल्या दोन खुणा एका रेषेत दिसल्या पाहिजेत : पंखाचं टोक अमुक ठिकाणी, बाजूवरची खूण तमुक ठिकाणी. खुणा जुळल्या की जागा बरोबर. सरकल्या की हातातल्या दांडीला जरासं, अगदी बोटभर, ढकलायचं. जमीन कुठे, आभाळ कुठे, आपण उलटे की सुलटे, हे त्याने बघायचंच नाही. म्होरक्या वर नेईल तर वर, खाली नेईल तर खाली. लेझमीच्या रांगेत कडेचा पोरगा समोर न बघता शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघून पाय टाकतो, तीच गोष्ट. इथे फक्त चुकला तर पाय मोडण्यावर भागत नाही.

म्होरक्याची दुसरी गंमत अशी की तो इंजिनाची पूर्ण ताकद कधीच वापरत नाही. थोडी राखून ठेवतो. कारण अख्खा थवा वळला की कडेच्या विमानाला मोठं वर्तुळ कापायचं असतं, त्याला जास्त वेग लागतो. म्होरक्यानेच सगळा जोर लावला तर कडेचा मागे पडेल. हे मी मित्रांना हात-वारे करून समजावत होतो. पाटलाला त्यात नवल वाटलं नाही. “धुऱ्यावर तिफण वळवताना बाहेरल्या बैलाले जास्तच चालावं लागते. आतल्याले दाबून धरा लागते.” माझी तीस वर्षांची कात्रणं दोन वाक्यांत आटोपली.

नऊचा थवा डोक्यावरून आडवा झाला तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवली. दुर्बिणीतून एकेक विमान दिसतं, फट दिसत नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसलं ते असं : नऊ लाल त्रिकोण आणि त्यांच्यामध्ये निळ्या आभाळाच्या आठ-दहा पट्ट्या, सगळ्या एका मापाच्या. थवा कलला, पट्ट्याही कलल्या. वर चढताना त्या तशाच राहिल्या. फक्त एकदा, वळणाच्या शेवटी, उजव्या कडेची एक पट्टी केसभर रुंद झाली आणि लगेच मिटली. कोणाच्या लक्षात आलं नसेल. मला मात्र त्या क्षणी त्या कॉकपिटमध्ये बसलेला माणूस दिसला.

असाच एकदा तो मला बिदरला दिसला होता. नांदेड-देगलूरवरून बिदर काही फार लांब नाही. एका लग्नासाठी गेलो होतो, आणि सकाळी वऱ्हाड झोपेत असताना किल्ल्यात जाऊन तटावर बसलो. बहामनी तटबंदी, बुरुजावर पडून राहिलेली तोफ आणि समोर दख्खनचं पठार. थोड्या वेळाने लाल विमानं आली. कर्णा नाही, धूर नाही, टाळ्या नाहीत. एकच वळण त्यांनी घेतलं, लांब गेली, परत येऊन तेच घेतलं. पुन्हा तेच. मी मोजणं सोडून दिलं. खाली एक म्हातारा शेळ्या चारत होता. त्याने एकदाही मान वर केली नाही. मैदानावर मिनिटाभरात होऊन जातं त्याच्यामागे हा असा कंटाळवाणा रियाज असतो, आणि खरं सांगायचं तर मला मैदानापेक्षा तो जास्त आवडला.

रियाज करूनही अपघात होतात. २००६ मध्ये आणि २००९ मध्ये बिदरला सूर्यकिरणचे वैमानिक गेले. १९ फेब्रुवारी २०१९ ला, एरो इंडियाच्या आदल्या दिवशी, येलहंक्याला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली. तिघांपैकी दोघं बाहेर पडले, विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. नागपूरच्या मैदानावर समोरासमोरून आलेली दोन विमानं एकमेकांना घासून गेल्यासारखी गेली, तेव्हा शेजारची पोरं किंचाळली ती आनंदाने. दोघांचा मिळून वेग सेकंदाला तीनशे मीटर. माझ्या हाताला घाम आला होता. मिस्त्रीही गप्प होता.

धुराबद्दल सांगायचं राहिलं. तो जळका धूर नसतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या झोतात डिझेल फवारतात, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत धुकं बनून राहते. मिस्त्रीला हे सांगितल्यावर तो हसला : “माह्या गॅरेजात असा धूर सोडणारी गाडी आली तं लोक मले शिव्या देतात.” हॉकवर आल्यावर सुरुवातीला पांढराच धूर होता. पुढे केशरी-पांढऱ्या-हिरव्या धुराची सोय झाली, आणि तिची यंत्रणा हवाई दलाच्या नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाली. ही बातमी वाचली त्या दिवशी मी मिस्त्रीला फोन केला. “सांगितलं होतं न,” तो म्हणाला, “आपलं खातं हाय.”

परतताना वर्धा रोडवर सोनेगावचा विमानतळ उजव्या हाताला लागला. इथे मला गाडी थांबवायचा मोह होतोच. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून डकोटा विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास इथे, नागपुरात जमायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. देशाच्या मधोमध असण्याचा एवढा चांगला उपयोग नागपूरने नंतर केला असेल असं मला वाटत नाही, पण हे नागपूरकरांसमोर बोलू नये. मित्रांनी मला बोलू दिलं, कारण मास्तर झोपले होते आणि पाटील फोनवर वजनकाट्याची चौकशी करत होता. किती किलो कापूस झाला, ओला तर नाही ना.

घरी येऊन मास्तरांचे व्हिडिओ बघितले. अकरा व्हिडिओ, दहांमध्ये निळं आकाश आणि मागून गडगडाट. अकराव्यात पाटलाचं बोट आहे, आणि बोटाच्या टोकाला नऊ ठिपके.

तुम्ही जाणार असाल तर तीन गोष्टी सांगतो. टोपी आणि पाणी भरपूर न्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांना लोटलेल्या गर्दीत पाच माणसं दगावली, ऊन आणि गर्दी ही थट्टा नव्हे. फोन खिशात ठेवा. आणि सोबत असा एक माणूस न्या ज्याने लहानपणी पाखरं राखली आहेत.

आता एक मागणं. आमच्या यवतमाळला भारी गावाजवळ विमानतळ आहे, जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचा. धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही. त्याची आम्हाला सवय झाली आहे आणि त्यावरचे विनोदही आता जुने झाले. पण सूर्यकिरणला कसरतीसाठी इथे उतरावं लागतच नाही. नागपूरहून हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, हॉकला बारा-तेरा मिनिटं. पुढच्या वेळी नागपूरला येणार असाल तर एक फेरी इकडे मारा. पोस्टल ग्राउंडवर माणसं जमवायची जबाबदारी आमची. फक्त तारीख कापूस वेचणीच्या आधीची द्या, पाटलाने खास सांगितलं आहे.