गंधक आणि वीज : थोडक्यात

ओळख
- अणुक्रमांक १६. नेहमीच्या तापमानाला आठ अणूंचे कडे (S₈). रंग पिवळा, विजेचा दुर्वाहक.
- ऑक्सिडीकरण अंक −२ (सल्फाइड) ते +६ (सल्फेट). मूलद्रव्यरूपात शून्य.
- क्षपण : इलेक्ट्रॉन मिळवणे. ऑक्सिडीकरण : इलेक्ट्रॉन गमावणे.

तीन बॅटऱ्या, तीन भूमिका
- शिसे-आम्ल : गास्तों प्लांते, १८५९. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. सल्फ्यूरिक आम्ल अभिक्रियेत भाग घेते. पण गंधकाचा अंक +६ च राहतो. बदलतो तो शिशाचा.
- सोडियम-गंधक : सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअस. दोन्ही मूलद्रव्ये वितळलेली, मध्ये बीटा-ॲल्युमिना या सिरॅमिकचा पडदा. वापर : वीजजाळ्यातील साठवण.
- लिथियम-गंधक : धनाग्रावर गंधकाचे क्षपण होऊन शेवटी लिथियम सल्फाइड (Li₂S) तयार होते. सरासरी दाब सुमारे २.१ व्होल्ट. गंधकाची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅमला सुमारे १,६७५ मिलिअँपिअर-तास.

लिथियम-गंधकातील अडचणी
- गंधक व लिथियम सल्फाइड दोन्ही दुर्वाहक. म्हणून कार्बनची जोड.
- मधल्या टप्प्यातील लांब साखळ्यांचे पॉलिसल्फाइड द्रवात विरघळतात आणि दोन्ही अग्रांमध्ये ये-जा करतात. परिणाम : क्षमता घटते.
- गंधकाचे पूर्ण सल्फाइड झाल्यावर आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी वाढते.

घरातले उदाहरण
- चांदी काळी पडते ती सिल्व्हर सल्फाइडच्या (Ag₂S) थरामुळे.
- गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल : ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, सल्फाइडमधील चांदी पुन्हा धातुरूपात येते.