पिसदुऱ्याचं शेण, वरळीचे बेडूक

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात मुठीएवढे, गोलसर दगड सापडतात. हे दगड म्हणजे शेण आहे, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. लांब मानेच्या टायटॅनोसॉर डायनोसॉरांचं ते मानलं जातं, कारण त्यांची हाडंही तिथल्याच थरांत मिळाली आहेत.

जीवाश्मांचे अभ्यासक वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात त्यांना गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण दिसले. भाताची किंवा उसाची पात बोटाला कापते ना, त्यामागे हेच सिलिका असतं. पान कुजतं, पचतं, पण हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून गवताची जात ओळखता येते. पिसदुऱ्याच्या शेणात किमान पाच प्रकारची गवतं निघाली. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं, तोवर गवतं डायनोसॉरांनंतर फोफावली असंच समजलं जात होतं. विदर्भातल्या शेणानं तो समज मोडला. मला ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला माहीत असावी असं मनापासून वाटतं.

मग लाव्हा आला. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात पसरावा तसा पातळ लाव्हा पसरत गेला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांत ओतला गेला. आज त्यानं पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. महाबळेश्वराच्या बाजूला त्याची जाडी किलोमीटरहून अधिक भरते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर लाव्हा संपल्यावर जेमतेम आठ मीटर गाळ लागला आणि त्याखाली अतिप्राचीन पाषाण. लाव्हा येण्याआधीचा मराठवाडा त्या आठ मीटरांत दबला आहे.

पण हा लाव्हा एका दमात आला नाही. घाटातल्या कापलेल्या कड्याकडे नीट पाहा: काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो, कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात. खालचा थर निवला, उन्हापावसात झिजला, त्याची माती झाली आणि वरून पुढच्या लाव्हानं ती भाजली. म्हणजे दोन थरांमध्ये उसंत होती. काही ठिकाणी ती इतकी लांबली की तळी साचली आणि काठाला झाडं उगवली. नागपूरजवळ टाकळीला अशाच तळ्याच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन राहिले आहेत. ज्यांचं नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते गोळा केले. शाळेत आपण 'दख्खनचं पठार लाव्हाचं' एवढंच पाठ करतो आणि या तळ्यांना मुकतो.

या उसंतींच्या काळातच डायनोसॉर संपले. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा त्यात वाटा किती आणि आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

मुंबईचे थर त्यानंतरचे. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये काळसर गाळाची पातळ पापुद्र्यांची पाटी सापडली आणि तिच्यात बेडकांचे सांगाडे, एक-दोन नव्हे, कितीतरी. नमुने लंडनला गेले. १८४२ मध्ये ज्यांनी 'डायनोसॉर' हे नाव घडवलं, त्याच रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये या बेडकांचं वर्णन केलं. पुढे त्यांना 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव मिळालं. बेडूक इवलासा, बोटाच्या दोन पेरांत मावेल असा. शेकडो किलोमीटर जमीन लाव्हाखाली गेली होती, अवाढव्य टायटॅनोसॉर नाहीसे झाले होते, आणि वरळीच्या त्या उथळ डबक्यात तो सुखानं पोहत होता.