पाच अक्षरी इंग्रजी शब्द आणि त्यांतील मुकी अक्षरे

निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी एक सूर हमखास कानी पडतो : "एन आय जी एच टी नाईट, नाईट म्हणजे रात्र." या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी तो स्वतः आळवला असेल, आम्हीही आळवला आहे. एखादा नवा विद्यार्थी मात्र हा शब्द प्रथमच पाहताना, मराठी वाचावे तसे प्रत्येक अक्षर उच्चारून, 'निघ्ट' असे वाचतो आणि वर्गात हशा पिकतो. ज्यांच्या घरी इंग्रजी कधी कानांवर पडलेली नसते, त्यांच्या वाट्याला हा हशा अधिक येतो आणि पुष्कळांचे इंग्रजी वाचन तेथेच अडखळते. वास्तविक, 'लिहिलेले अक्षर उच्चारायचे का नाही?' हा त्या मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्प प्रयत्न.

उत्तर शोधण्याची एक सोपी रीत अशी : शब्दाची लांबी ठरवून घ्यावी, त्यात कोणती अक्षरे हवीत हे ठरवावे आणि तसे शब्द एकत्र मांडावेत. इंग्रजीत अशा शब्दखेळांची परंपरा जुनी आहे. लुई कॅरल या लेखकाने १८७९ साली सारख्या लांबीच्या दोन शब्दांना एकेक अक्षर बदलत जोडण्याचे कोडे प्रसिद्ध केले. २०२१ मध्ये आलेला आणि पुढे जगभर पसरलेला 'वर्डल' हा खेळही पाच अक्षरी शब्दांचाच आहे. लांबी सारखी असली की अक्षरांच्या जागा एकाखाली एक येतात आणि एरवी न दिसणारा नियम डोळ्यांसमोर उभा राहतो.

आपण पाच अक्षरे ही लांबी आणि 'जी-एच' ही जोडी घेऊ. नित्याच्या वापरातले शब्द तीन गटांत पडतात. पहिल्या गटात जोडीनंतर 'टी' येतो : नाईट, लाईट, राईट, फाईट, साईट, टाईट, माईट, एट (आठ), ऑट. या सर्वांत जोडी मुकी आहे, एकही अपवाद नाही. दुसऱ्या गटात जोडी शेवटी येते. लाफ, कफ (खोकला), रफ, टफ यांत तिचा उच्चार 'फ' होतो, तर वे (वजन करणे), डो (मळलेली कणीक), बाउ (झाडाची फांदी) यांत ती मुकीच राहते. तिसऱ्या गटात ती आरंभी येते. 'घोस्ट' म्हणजे भूत, आणि येथे उच्चार 'ग'चा. म्हणजे नऊ शब्दांची नऊ स्पेलिंगे घोकण्याऐवजी पहिल्या गटाचा एक नियम पुरतो. दुसऱ्या गटातले शब्द मात्र पाठच करावे लागतात, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगावे.

आता कारण पाहू. प्राचीन इंग्रजीत रात्रीचा शब्द 'निह्त' असा होता आणि त्यातला 'ह' हा 'ख'च्या जवळ जाणारा ध्वनी प्रत्यक्ष उच्चारला जाई. पुढे लेखनिक तो ध्वनी 'जी-एच' या जोडीने लिहू लागले. जर्मन भाषेत तो आजही जिवंत आहे : रात्र म्हणजे 'नख्ट', आठ म्हणजे 'अख्ट'. संस्कृतातील 'नक्त' आणि 'अष्ट' हे याच शब्दांचे दूरचे भाऊबंद. इंग्रजीत मात्र हा ध्वनी हळूहळू गळाला, त्याच्या आधीचा स्वर लांबला आणि 'नीट' असा झालेला उच्चार कालांतराने 'नाईट' बनला.

ही घडामोड आपल्याला परकी नाही. संस्कृत 'अष्ट'चे पालीत 'अट्ठ' झाले. 'अट्ठङ्गिक मग्ग' आपण सर्वच जाणतो. त्याच 'अट्ठ'चे मराठीत 'आठ' झाले. येथेही जोडाक्षर सैल झाले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. फरक एवढाच की आपण उच्चार बदलला तसे लेखनही बदलले. इंग्रजीचे तसे झाले नाही. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. त्यानंतरच्या दोन शतकांत छपाईमुळे स्पेलिंग स्थिर होत गेले, आणि त्याच काळात उच्चार वेगाने पालटत होते. त्यामुळे जुना उच्चार कागदावर राहिला, जिभेवर राहिला नाही. 'नाईफ', 'नॉक', 'नील' (गुडघे टेकणे) या पाच अक्षरी शब्दांच्या आरंभीचा मुका 'के' असाच एके काळी उच्चारला जात होता.

प्रत्येक मुके अक्षर मात्र असे प्राचीन नसते. 'डाउट' म्हणजे शंका. यातला 'बी' इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. मूळ लॅटिन शब्दात तो आहे, हे दाखविण्यासाठी विद्वानांनी तो मागाहून घातला. त्या पांडित्याचे ओझे आज आपली मुले वाहत आहेत!

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. सुटीच्या दिवशी मुलांसोबत एक शब्दकोश घेऊन बसावे. पाच अक्षरे ठरवावीत, एक जोडी ठरवावी. आज 'जी-एच', उद्या 'के-एन', परवा 'डब्ल्यू-आर'. सापडलेले शब्द मुलांनी स्वतः वहीत गटवार मांडावेत आणि नियमही स्वतःच काढावा. यास खर्च नाही, आणि घरात इंग्रजी बोलणारे कोणी असण्याचीही गरज नाही.

आणि पुन्हा कधी एखाद्या मुलाने 'निघ्ट' असे वाचले, तर हसू नये. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील माणसे हा शब्द जवळपास तसाच उच्चारीत होती. त्या मुलाला एवढे सांगावे, आणि मग आजचा उच्चार शिकवावा.