मागांच्या गावात बासरी आणि पियानो : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

भिवंडीत वाद्यसंगीताची आवड असलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘इथे यंत्रमागांच्या खडखडाटात बासरी काय ऐकू येणार? त्यासाठी दणदणीत स्पीकर पाहिजे.’ यातला खडखडाट खरा आहे. नारपोली, पद्मानगर, कामतघर अशा भागांत घर आणि कारखाना यांच्यामध्ये कधी कधी एकच भिंत असते. दणदणीत स्पीकरची गोष्ट मात्र साफ चुकीची आहे आणि तिच्यापायी लोक पैसे तर घालवतातच, कानही घालवतात. पन्नालाल घोषांची बासरी किंवा पियानोची एखादी संथ रचना अशा घरातही समाधानाने ऐकता येते. अडथळा येतो तो बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो वॅटचा, आणि पहिला गैरसमजही तिथेच आहे. स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कोणत्याही ठरलेल्या मापाने मोजलेला नसतो. तो जाहिरातीसाठी असतो. खरा आकडा आरएमएस या नावापुढचा. तोही दिलेला नसेल तर स्पीकरबरोबर आलेल्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचावीत. ‘५ व्होल्ट, १ अँपिअर’ असं लिहिलं असेल, तर गुणाकार ५ वॅट होतो. भिंतीतून ५ वॅट घेणारा डबा सलग हजार वॅटचा आवाज देऊ शकत नाही.

तरीही ५ वॅट म्हणजे थोडेच, असं वाटायचं कारण नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दसपट करावे लागतात. साधारण घरगुती स्पीकरपासून दोन मीटरवर बसून बासरी ऐकताना एक दशांश वॅटच्या आसपासच खर्च होतो. पियानोचं गणित थोडं वेगळं आहे. त्यात हळुवार आणि जोरकस स्वरांतलं अंतर फार मोठं असतं. सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाणारा एखादा आघात शंभरपट शक्ती मागतो, म्हणजे क्षणभर १० वॅट. नाजूक भागात आवाज वाढवून ठेवला की पुढच्या जोरकस भागात छोटा स्पीकर फाटतो आणि खापर रेकॉर्डिंगवर फुटतं. जोरकस भाग आधी लावून पाहावा, त्याला सोसेल तेवढाच आवाज ठेवावा आणि मग पहिल्यापासून ऐकावं.

‘सबवूफरशिवाय मजा नाही’ हे दुसरं ठाम मत. ते नाचाच्या गाण्यांपुरतं ठीक आहे. बासरीला सबवूफरचं कामच नसतं. १९११ साली बारिसालला जन्मलेल्या पन्नालाल घोषांनी बासरी चांगली ३२ इंचांपर्यंत लांबवली आणि लोकसंगीतातल्या या वाद्याला रागविस्तारासाठी लागणारं भारदस्त मंद्र मिळवून दिलं. पुढे हरिप्रसाद चौरसियांनी जगभर नेली तीही अशीच लांब बासरी. सहाही छिद्रं बंद करून तिचा सर्वांत खालचा स्वर वाजवला, तरी तो सेकंदाला सुमारे २४७ कंपनांचा असतो. तीन-चार इंची स्पीकरही तो सहज वाजवतो. त्याच्या खाली रेकॉर्डमध्ये येतो तो तानपुऱ्याचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा भाग.

पियानोची खालची पट्टी मात्र २७.५ कंपनांपर्यंत जाते, त्यामुळे तिथे सबवूफर हवाच असं वाटतं. पण त्या तारेच्या आवाजात मूळ कंपनांपेक्षा वरच्या स्वरांशांचा भाग खूप मोठा असतो आणि ते स्वरांश ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतः जुळवतो. त्यामुळे लहान स्पीकरवरही डाव्या हाताची चाल कळते. सबवूफर चढवला की उलट ती चाल घुमते आणि वरच्या स्वरांवर पसरते.

बासरीच्या रेकॉर्डमधला श्वास ऐकून पुष्कळांना वाटतं, की रेकॉर्डिंग खराब आहे. स्वर उमटायच्या आधी हलकी ‘फू’ ऐकू येते, तार सप्तकात फुंकेची धार जाणवते. हा दोष नव्हे, हेच त्या वाद्याचं शरीर आहे. हवेचा झोत मुखरंध्राच्या कडेवर आपटून दुभंगतो तेव्हाच स्वर जन्मतो. झोत आहे तिथे थोडी खरखर असणारच. तसंच पियानोत पॅडल सुटल्याचा, लाकडी यंत्रणा हलल्याचा बारीक आवाज येतो. ट्रेबल कमी करून हे पुसायला जाल, तर स्वराची सुरुवातही पुसली जाईल, आणि वाद्य ओळखू येतं ते मुख्यतः त्या सुरुवातीवरूनच.

‘खरं संगीत तबकडीवरच’ म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण ती माणसं बसून ऐकतात. वस्तुस्थिती मात्र अशी, की तबकडीचं भोक किंचित मध्यापासून सरकलेलं असेल, तर प्रत्येक फेऱ्याला स्वर वरखाली डुलतो. कॅसेटची फीत ढिली पडली तरी तेच होतं. बासरीच्या कंपात हे डुलणं लपून जातं, पण पियानोत उघडं पडतं, कारण एकदा वाजलेला पियानोचा स्वर आपली उंची बदलत नाही. पियानोसाठी नीट केलेली डिजिटल फाइल अधिक भरवशाची. चांगल्या दर्जाची एमपी३ आणि सीडी यांतला फरक घरगुती खोलीत ओळखणं बहुतेकांना जमत नाही. पन्नालालजी १९६० साली गेले. त्यांची ध्वनिमुद्रणं मोनो काळातली आहेत. त्यांना ‘कॉन्सर्ट हॉल’ किंवा ‘सराउंड’चं बटण लावलं की नकली घुमारा तेवढा वाढतो.

आता खोलीकडे वळू, कारण खरा पैसा इथे वाचतो. दहा बाय बारा फुटांची खोली, सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यावर चढवलेला स्पीकर : अशा मांडणीत कोणत्याही किमतीचा स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झिणझिणती शेपूट ऐकू आली, तर पियानोच्या प्रत्येक स्वरामागेही ती लागणार. स्पीकर कपाटावरून उतरवून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणा आणि कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर ठेवा. समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. भिवंडीत कापडाला तोटा नाही. जाड कापड भरपूर चुण्या घालून, भिंतीपासून चार बोटं सोडून लावलं तर चांगलं काम देतं. पातळ कापड भिंतीला चिकटवून लावलं, तर फक्त अगदी वरचे स्वर शोषले जातात.

पण हेच कापड शेजारच्या मागांचा आवाज अडवील, अशी आशा धरू नये. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून तर अजिबात धरू नये. खोलीतला घुमारा शोषणं आणि बाहेरचा आवाज रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाहेरचा आवाज रोखायला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. खिडकीच्या चौकटीतल्या, दाराखालच्या फटी रबरी पट्टीने बंद केल्या, तर फरक पडतो. धोट्याच्या मारामुळे जमिनीतून येणारा हादरा मात्र तसाच राहतो, त्याला घरगुती उपाय नाही.

मग आवाजच का वाढवू नये? सगळ्यात घातक गैरसमज हाच. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलचा फक्त ४ तास. कारागीर एका पाळीतच ही मर्यादा ओलांडतो. अशा आवाजाने कानाच्या आतल्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान सुरू होतं ते बहुधा ४००० कंपनांच्या आसपास. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४१८६ कंपनांची आहे. बासरीतली फुंकेची धार आणि बोलण्यातले स, श, फ यांची स्पष्टताही याच पट्ट्यात आणि त्याच्यावर असते. म्हणून वर्षानुवर्षं मागावर उभा राहिलेला माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण नीट कळत नाही.’ तो टीव्ही वाढवतो, स्पीकर वाढवतो. गेलेला भाग त्याने परत येत नाही. उरलेल्या पेशींवर तेवढा भार पडतो.

पाळी संपल्यावर काही तास कान बधिर असतात. त्या वेळी स्पीकर पारखू नये, आवाजही ठरवू नये; झोप झाल्यावर सकाळी ऐकावं. आणि कापसाचा बोळा कान वाचवत नाही. त्यातून आवाज जवळजवळ तसाच आत जातो. फोमचा इअरप्लग पिळून, कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून नीट आत बसवला, तर आवाज १५ ते २० डेसिबलने किंवा त्याहून अधिक कमी होतो.

तुमच्या घरात मागावर काम करणारं कोणी असेल आणि ते टीव्हीचा आवाज वाढवत चाललं असेल, तर नवा स्पीकर घेण्याआधी त्यांना कान-नाक-घसा डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कारखानदारांनीही आपल्या कारागिरांना इअरप्लग द्यावेत, वापरायला शिकवावेत आणि मागावर उभं राहताना ते कानात आहेत की नाही हे रोज पाहावं.