बारा सीसीचे इंजिन, घरच्या लेथवर

घरच्या कार्यशाळेत पहिलेच इंजिन घडवायचे असेल, तर बरेच हौशी कारागीर ‘हिट अँड मिस’ जातीकडे वळतात. या जातीची मूळ इंजिने शेतावरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके अमेरिकेतल्या शेतांवर पाणी उपसणे, लाकूड कापणे, धान्य दळणे अशी कामे त्यांनी केली. त्यांची ओळख आवाजावरून पटते. एक ‘ठप्प’ असा बार होतो, मग पाच-सात फेरे नुसतेच फुसफुसत जातात आणि पुन्हा बार होतो.

हा आवाज वेग राखण्याच्या पद्धतीतून येतो. चार टप्प्यांचे चक्र नेहमीचेच, जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये यशस्वी केलेले : मिश्रण आत ओढणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. या चार टप्प्यांत क्रँक दोनदा फिरतो. हिट अँड मिस इंजिनात वेग वाढला की फ्लायव्हीलवरची वजने बाहेर फाकतात आणि एक खिटी एक्झॉस्ट व्हॉल्व्हला उघडाच धरून ठेवते. इनटेक व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगवर असतो आणि पिस्टनच्या ओढीनेच उघडतो. एक्झॉस्ट उघडा असेपर्यंत ही ओढ तयार होत नाही, त्यामुळे पेट्रोलही आत येत नाही. वेग उतरला की खिटी सुटते आणि पुढचा बार होतो. कारागिराच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे. इनटेकसाठी वेगळा कॅम घडवावा लागत नाही.

टेबलावर मावणाऱ्या नमुन्यासाठी २५ मिमी व्यासाचा सिलिंडर आणि २५ मिमी स्ट्रोक हे सोयीचे माप. त्याचे आकारमान सुमारे १२.३ सीसी भरते. दाबाचे प्रमाण पाचास एक ठेवायचे, तर पिस्टन अगदी वर असताना डोक्याखाली जेमतेम ३ सीसी जागा उरली पाहिजे.

इंजिन लहान केले म्हणून ते सोपे होत नाही. सगळी मापे निम्मी केली तर आकारमान आठव्या हिश्श्यावर येते, पण भिंतींचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावरच थांबते. म्हणजे तेवढ्याच वायूमागे उष्णता शोषून घेणारी भिंत दुप्पट होते. पिस्टनभोवतीची फट तर आपोआप निम्मी होतच नाही. ती कारागिराच्या हातावर ठरते. मोठ्या इंजिनात खपून जाणारी गळती इथे इंजिन बंद पाडते. म्हणून वायू जिथे अडवायचा, तिथे मायक्रॉनचा हिशेब ठेवावा लागतो. बैठक, टाकी किंवा बाहेरचा आकार यांत अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी चालते.

सिलिंडरला बीड उत्तम. त्यातले ग्राफाइट घर्षण कमी करते आणि ते लेथवर नीट कापले जाते. कोल्हापूर-सांगलीकडे ओतकामाचा धंदा मोठा असल्याने असा तुकडा मिळवणे अवघड नाही. भोक आधी बोअरिंग टूलने वाढवायचे आणि शेवटचे काही मायक्रॉन लॅपने घासून काढायचे. दोन्ही टोकांना व्यास सारखा आला पाहिजे. बिडाचा पिस्टन भोकापेक्षा सुमारे ०.०४ मिमी लहान ठेवतात. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी आहे. उरलेली फट रिंगांनी बुजवायची. रिंग बिडाच्या नळीतून कापतात, एका जागी फोडतात, फाकवलेल्या स्थितीत साच्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवतात आणि सावकाश थंड करतात. मग ती फाकलेलीच राहते आणि सिलिंडरमध्ये बसवल्यावर भिंतीवर स्वतःच दाब देते.

क्रँकशाफ्ट पोलादाच्या एकाच बारमधून, सेंटर सरकवून काढता येतो किंवा तुकडे जोडून करता येतो. जोडलेला क्रँक सोपा, पण दोन्ही टोके एका रेषेत आहेत का ते डायल गेजखाली तपासावेच लागते. फ्लायव्हील जड हवे, कारण बाराची ताकद साठवून पुढचे रिकामे फेरे तेच ओढून नेते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरायचा, म्हणून क्रँकवर २० दात्यांचे गिअर असेल तर कॅमवर ४० दात्यांचे लागते.

खरी परीक्षा व्हॉल्व्हची. त्याचा उतार आणि बैठकीचा उतार ४५ अंशांचा ठेवून दोन्ही बारीक पेस्टने एकमेकांवर घासतात. करड्या रंगाची अखंड, अरुंद कडी दिसली की घासणे थांबवायचे. मग वाटेत रॉकेल भरून ठेवतात. दुसऱ्या बाजूला ओल फुटली नाही, तर बैठक जमली.

कार्ब्युरेटर म्हणजे एक अरुंद गळा, एक बारीक भोक आणि ते कमीजास्त करणारी सुई. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १५ पट हवा लागते. ठिणगीसाठी लहान आकाराचा स्पार्क प्लग, कॉइल, बॅटरी आणि कॅमवरचा संपर्क पुरतो. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधी पडावी.

सुरू करण्याआधी फ्लायव्हील हाताने हळू फिरवून पाहावे. दाबाच्या टप्प्यावर ते उशीला टेकल्यासारखे अडून मागे आले, तर वायू अडतो आहे. सुळकन पुढे गेले, तर सुई फिरवत बसण्यात अर्थ नाही. आधी रिंगा आणि व्हॉल्व्ह पाहावेत, मग ठिणगी, शेवटी मिश्रण. हा क्रम चुकला की दिवस वाया जातो.

एवढ्याशा इंजिनाच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून ते बंद खोलीत चालवू नये. पेट्रोलची बाटली ठिणगीपासून दूर असावी आणि सैल बाह्या फ्लायव्हीलजवळ नेऊ नयेत.

लंडनमध्ये १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिकाने घरच्या लेथवर काम करणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. एडगर वेस्टबरी यांनी याच मासिकातून लहान पेट्रोल इंजिनांचे आराखडे दिले. त्यांच्या ‘सील’ या १५ सीसीच्या इंजिनाला तर चार सिलिंडर होते.

काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, सिलिंडरमध्ये तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि फ्लायव्हील दोन फेरे फिरवून ठेवावे. बिडाला गंज लवकर चढतो आणि त्या भिंतीवर पडलेला एक डागही पुढच्या वेळी दाब गळायला पुरतो.