दारूचे व्यसन वारशाने येते का?

‘खाण तशी माती’ असे दारुड्याच्या मुलाविषयी शिक्षकांच्या खोलीतही बोलले जाते. व्यसनी पालकांच्या मुलांत व्यसनाचे प्रमाण अधिक आढळते, हे खरे आहे. पण अशा पालकाकडून मुलाला जनुके मिळतात, तसे घरही मिळते. यातल्या कशाचा परिणाम किती, हे कसे ओळखायचे?

डेन्मार्कमधील दत्तक मुलांच्या नोंदींमुळे ते काही अंशी जमले. डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तान्हेपणीच परक्या घरी दत्तक गेलेल्या मुलग्यांची, ते मोठे झाल्यावर, पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध झाले. जन्मदात्यांपैकी एकाला व्यसन असलेल्या ५५ जणांपैकी सुमारे १८ टक्के व्यसनी निघाले. तसा इतिहास नसलेल्या ७८ जणांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. जवळजवळ चौपट! हा चौपटीचा आकडा फार गाजला. मात्र पहिल्या गटातील ऐंशी टक्क्यांहून अधिक जण व्यसनी झाले नव्हते, याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. (त्यांचे सरासरी वय तेव्हा तिशीच्या आसपास होते, हेही ध्यानात ठेवावे.)

वाटाण्याच्या उंचीसारखे व्यसनाचे एकच जनुक नसते. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. पूर्व आशियातील अनेकांच्या शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइडचे विघटन करणारे विकर नीट काम करत नाही. दोन घोटांतच चेहरा लाल होतो, मळमळते. साहजिकच असे लोक कमी पितात. याउलट काहींना दारू लवकर ‘चढत’ नाही. मार्क शुकिट यांना हा गुण व्यसनी वडिलांच्या मुलांत अधिक आढळला. ‘मला चढतच नाही’ ही फुशारकी वास्तविक धोक्याची सूचना असते, कारण असा माणूस अधिक पितो.

आता घराचा वाटा. वोलिन, बेनेट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील काही कुटुंबांत एक साधी गोष्ट तपासली : पालकाचे पिणे ऐन भरात असताना रात्रीचे एकत्र जेवण, सणवार, सुटीचे बेत टिकले का? १९८० साली त्यांनी नोंदवले की, जेथे हा रिवाज मोडला तेथे व्यसन पुढच्या पिढीत अधिक उतरले; जेथे तो सांभाळला गेला तेथे कमी. पाहणी लहान होती, पण जेवणाच्या वेळेसारखी क्षुल्लक बाब कोणा संशोधकाला मोजावीशी वाटली, याचे मला कौतुक वाटते.

पालक व्यसनातून बाहेर पडला तर? १९८२ साली रुडॉल्फ मूस व अँड्र्यू बिलिंग्ज यांनी उपचार घेतलेल्यांच्या कुटुंबांची तुलना तशाच इतर कुटुंबांशी केली. पुन्हा पिऊ लागलेल्यांच्या मुलांत खिन्नता व चिंता अधिक होती. सुधारलेल्यांची मुले मात्र भावनिकदृष्ट्या इतर मुलांसारखीच होती. त्यांची जनुके अर्थातच बदललेली नव्हती. बदलले होते ते घर.