विंचवाचं बिऱ्हाड बदलतं तेव्हा

अमेरिकेत कॅम्पर विकणाऱ्यांच्या आवारात वसंत ऋतूतल्या शनिवारी हे दृश्य हमखास दिसतं. जुना कॅम्पर आणि नवा कॅम्पर दारासमोर दार येईल असे उभे. मधल्या चार पावलांत घरची माणसं ओळीनं उभी राहून हातोहात सामान पलीकडे देत असतात: उशा, तवे, घडीच्या खुर्च्या, पत्त्यांचे जोड, कुत्र्याचं भांडं. दोन-तीन तासांत जुना रिकामा होतो, त्याची किल्ली विक्रेत्याकडे जाते आणि नवा रस्त्याला लागतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे. आज मात्र खाली ती पाठच बदललेली असते.

नेमकं हेच त्या गडबडीत सुटून जातं. सामान तेच, माणसं तीच, म्हणून हिशेबही तोच, असं धरून चालण्याकडे कल असतो. मोटारीमागे ओढायचा कॅम्पर (ट्रेलर) म्हणजे घर आणि वाहन एकाच सांगाड्यावर. घर म्हणून तो ओळखीचा वाटला, तरी वाहन म्हणून तो पूर्ण वेगळा असतो, आणि बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्यानं होतात.

सगळ्यात पक्का समज असा की नवा कॅम्पर मोठा आहे, म्हणजे त्यात जास्त सामान नेता येईल. कपाटं मोठी असतात, पलंगाखाली जागा असते, बाहेरून उघडणारे कप्पे असतात. सामान मावतं हे खरं. पण मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं. प्रत्येक ट्रेलरला कारखान्यानं ठरवलेली एकूण वजनाची कमाल मर्यादा असते. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन आणि भरलेल्या गॅसटाक्यांतल्या गॅसचं वजन वजा केलं की उरेल तेवढाच भार मालकाच्या वाट्याचा. कॅम्पर मोठा झाला की भिंती, फर्निचर, बाहेर सरकणारी खोली, वातानुकूलन यंत्र असं सगळं वाढतं आणि ही शिल्लक कित्येकदा उलट कमी होते. समजा, जुन्याचं रिकामं वजन १,९५० किलो आणि मर्यादा २,७०० किलो होती; म्हणजे सुमारे ७५० किलो हाताशी. नवा रिकामाच ३,००० किलोचा आणि मर्यादा ३,५००. खोली वाढली, पण ऐपत ५०० किलोवर आली.

त्या ५०० किलोत पाणीही आलं, आणि ते बऱ्याच जणांच्या गणतीतच नसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पिण्याची टाकी २०० लिटरची असेल आणि ती काठोकाठ भरून निघालात, तर कपबशीसुद्धा आत ठेवण्याआधी २०० किलो संपले. अमेरिकेत ट्रेलरच्या दाराजवळ एक लेबल लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. सामानाचं वजन किती किलोंच्या वर जाऊ नये आणि भरलेल्या टाकीतलं पाणी त्यातले किती किलो खातं, हे त्यावर छापलेलं असतं. विक्रीआधी विक्रेत्यानं जास्तीची बॅटरी, सौर पॅनेल वगैरे जोडून ४५ किलोंहून अधिक वजन वाढवलं, तर हा आकडा दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक असतं. हलक्या ट्रेलरला ही सीमा आणखी खाली असते. एकही खोकं उचलण्याआधी हे लेबल वाचावं. आवारात उभ्या राहिलेल्या कुटुंबांपैकी किती जण ते वाचतात, हा मात्र काळजीचा प्रश्न आहे.

जास्त भरण्याचा मोह जुनाच आहे. अमेरिकी लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली सप्टेंबरात पिकअप ट्रकवर बसवलेला कॅम्पर घेऊन अमेरिका पाहायला निघाला. गाडीचं नाव त्यानं ठेवलं होतं रोसिनांते, म्हणजे कादंबरीतल्या डॉन किहोतेच्या घोड्याचं. वाचायची राहून गेलेली सुमारे १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची पुस्तकं त्यानं सोबत घेतल्याचं तो स्वतःच सांगतो. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात उभी आहे. परदेशातल्या मराठी घरांत पुस्तकांची ही जागा कुकर, बिडाचा तवा, खलबत्ता आणि दहा किलोंची तांदळाची पिशवी घेतात. एकेक वस्तू क्षुल्लक वाटते. जुन्या कॅम्परमध्ये पाच-सात वर्षांत अशा किती वस्तू साठल्या, हे कळण्याचा एकमेव दिवस म्हणजे बिऱ्हाड हलवण्याचा दिवस. म्हणून हातोहात देण्याची साखळी तोडून, प्रत्येक वस्तू आधी जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर यावी. गेल्या दोन मोसमांत जिला हात लागला नाही, ती मोटारीच्या डिकीत, घरी परत. आग विझवण्याचं साधन आणि प्रथमोपचाराची पेटी यांना मात्र हा नियम लावू नये.

दुसरा समज दिसायला अगदी निरुपद्रवी: जुन्यात जी वस्तू जिथे होती, ती नव्यातही तिथेच ठेवायची. खेड्यात बैलगाडी भरणाऱ्याला यातली चूक लगेच कळेल. मागे जास्त भार पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच आहे. फक्त बैलांच्या जागी ताशी ९० किलोमीटरनं धावणारी मोटार असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यातून मोटारीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, यावा लागतो. तो कमी पडला, तर ट्रेलर मागून शेपटासारखा डोलायला लागतो, आणि एकदा झोके वाढले की मोटारीलाही सोबत ओढून नेतो. भार जास्त झाला, तर मोटारीचं मागचं अंग दबतं आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. भरलेला ट्रेलर ३,५०० किलोंचा असेल, तर हिचवर ३५० ते ५२५ किलो येणार, आणि तेवढं वजन मोटारीच्या स्वतःच्या वहनक्षमतेतून वजा होतं. जुन्या कॅम्परला पुरलेली मोटार नव्याला पुरेलच, असं म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

जुन्याची पाण्याची टाकी चाकांच्या पुढे होती आणि नव्याची मागे आहे, एवढ्यानंही हिशेब उलटतो. आधी टाकी भरली की हिचवरचा भार वाढत होता. आता भरली की घटतो. डबाबंद अन्न, अवजारं, पाण्याचे कॅन असं जड सामान खाली, चाकांच्या आसावर किंवा किंचित पुढे ठेवावं आणि डावी-उजवी बाजू सारखी राखावी. वरच्या कपाटांत पाव, चिवडा, टॉवेल. ती कपाटं पातळ लाकडाची आणि बारीक खिळ्यांनी जोडलेली असतात. सांबाराच्या डाळीचे डबे वर चढवले, तर खड्ड्याखड्ड्याला ते जोड सैल होत जातात.

हिचबद्दलची गफलत सर्वांत धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलर मोटारीला ज्या लोखंडी गोळ्यावर बसतो तो अमेरिकेत मुख्यतः दोन मापांत येतो: २ इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर, आणि २ पूर्णांक ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ५९ मिलिमीटर. हलक्या ट्रेलरना पहिला, जड ट्रेलरना दुसरा. जुना गोळा तसाच ठेवून नवा ट्रेलर जोडला, तर मोठी खोबण लहान गोळ्यावर बसते, खिट्टीही लागते आणि सगळं ठीक वाटतं. पुढे एखाद्या उंचवट्यावर ती खोबण गोळ्यावरून निसटते. माप गोळ्याच्या माथ्यावर आणि ट्रेलरच्या खोबणीवरही कोरलेलं असतं. दोन्ही वाचून जुळवायला अर्धं मिनिट लागतं. भार विभागणाऱ्या हिचच्या दांड्यांची क्षमता, गोळ्याची उंची आणि मोटारीतल्या ब्रेक-नियंत्रकाचा जोर या तिन्ही गोष्टी नव्या वजनासाठी पुन्हा बसवून घ्याव्या लागतात.

विजेच्या बाबतीत शब्दच फसवतात. जुना कॅम्पर ३० अँपिअरचा, नवा ५० चा. म्हणजे वीज दुपटीहूनही कमी वाढली, असा सरळ अंदाज बांधला जातो. प्रत्यक्षात ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टच्या एकाच तारेवर असते आणि ३,६०० वॅट देते. ५० अँपिअरच्या जोडणीत अशा दोन तारा असतात, म्हणून ती १२,००० वॅट देऊ शकते. जुनी वायर आणि जुनं व्होल्टेज-संरक्षक यंत्र नव्याच्या कामाचं नाही. अडॅप्टर लावून ३० अँपिअरच्या विजेच्या खांबावर नवा कॅम्पर चालवता येतो, पण तेव्हा मिळतात ३,६०० वॅटच. दोन वातानुकूलन यंत्रं एकदम लावली की खटका पडतो. जुन्यातली लिथियम बॅटरी काढून नव्यात बसवण्याचा विचार असेल, तर नव्याचा चार्जर लिथियमला जुळणारा आहे का, ते आधी बघावं. लेड-अ‍ॅसिडसाठी बनवलेला चार्जर तिला बऱ्याचदा पूर्ण भरू शकत नाही.

पलंगाचं नावही असंच चकवतं. अनेक कॅम्परमधली ‘क्वीन’ गादी घरातल्या क्वीनपेक्षा सुमारे १३ सेंटिमीटर आखूड असते. जुन्याच्या चादरी नव्यावर चढतील की नाही, हे टेप लावूनच ठरवावं.

आता ज्या वस्तू लोक डोळे मिटून पलीकडे देतात त्यांच्याकडे वळू. अग्निशामक नळकांडं चांगलं दिसतंय, काटा हिरव्यात आहे, मग टाकायचं कशाला? २०१७ साली अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ४ कोटी नळकांडी परत मागवण्यात आली. प्लास्टिकच्या मुठीची ती नळकांडी ऐन वेळी चोंदण्याची किंवा अडकण्याची शक्यता होती, आणि तीच अनेक कॅम्परमध्ये कारखान्यातूनच बसवलेली होती. जुन्या कॅम्परच्या कपाटातून निघालेलं नळकांडं त्या यादीतलं नाही ना, हे त्याच्या मॉडेल क्रमांकावरून तपासता येतं. गॅस आणि कार्बन मोनॉक्साईड ओळखणाऱ्या यंत्रांनाही मुदत असते आणि ती पाठीमागे छापलेली असते. गॅसच्या टाकीच्या कॉलरवर बनावटीचा महिना-वर्ष ठोकलेला असतो. मुदत उलटलेली टाकी कोणी भरून देत नाही. टायरचीही तीच गोष्ट. जुन्याचं जादा चाक नव्याला बसलं, तरी टायरवरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसत असली, तरी उन्हात उभ्या टायरचं रबर आतून म्हातारं होत जातं.

नवं म्हणजे स्वच्छ, हाही एक समज. कारखान्यातून आलेल्या पाण्याच्या टाकीत आणि नळ्यांत प्लास्टिकचा चुरा आणि चाचणीचं शिळं पाणी असू शकतं. दर ५७ लिटर क्षमतेमागे पाव कप, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर, बिनवासाचं घरगुती ब्लीच पाण्यात मिसळून टाकी भरायची, प्रत्येक नळातून ते येईपर्यंत सोडायचं, काही तास ठेवून मग धुऊन काढायचं, अशी रूढ रीत आहे. हे काम सामान चढवण्याआधी करण्यात दुहेरी फायदा आहे: कपाटं रिकामी असताना ओट्याखालची गळती दिसते, खोकी रचल्यावर ती लाकूड फुगेपर्यंत लपून राहते.

नव्या कॅम्परचा तो ‘नवा वास’ही समजून घ्यावा. २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारनं दिलेल्या ट्रेलरांत लोकांना खोकला, डोळ्यांची जळजळ असे त्रास होऊ लागले. सरकारी रोगनियंत्रण केंद्रानं ५१९ ट्रेलर आणि फिरत्या घरांतली हवा तपासली, तेव्हा फॉर्माल्डिहाइडची सरासरी दर अब्ज भागांत ७७ भाग निघाली. साध्या घरांतल्या हवेपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. त्यानंतर दाबीव लाकडाच्या चिकटद्रव्यांवर देशभर कडक मर्यादा आल्या. तरीही ऊन आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो. म्हणून सामान भरण्याआधीचे काही दिवस खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवावा. लहान मुलं आत झोपणार असतील, तर हे मुळीच टाळू नये.

कुलपांबद्दलही सांगायला हवं. बाहेरचे कप्पे कुलूपबंद आहेत, म्हणून महागाची अवजारं आणि कॅमेरे तिथे ठेवले जातात. वर्षानुवर्षं असंख्य अमेरिकी कॅम्परच्या कप्प्यांना एकाच क्रमांकाची किल्ली लागत आली आहे: सीएच ७५१. ती दुकानात सुटी मिळते. नव्या कॅम्परच्या किल्लीवर हा क्रमांक कोरलेला दिसला, तर आधी कुलपं बदलावीत आणि मगच सामान ठेवावं.

राहता राहिला ‘एका दुपारचं काम’ हा समज. जुन्याचा सौदा ठरवताना विक्रेत्यानं तो जसा पाहिला तसाच किमतीत धरलेला असतो. छतावरचं सौर पॅनेल, सायकल अडकवायची चौकट, भिंतीला ठोकलेला टीव्ही काढून न्यायचा असेल, तर ते किंमत ठरण्याआधी बोलून कागदावर आणावं. जुन्याच्या खणांत राहिलेली विम्याची कागदपत्रं काढायला, जोडलेले फोन आणि दाराचा संकेतांक पुसायला वेळ लागतो. पलंगाखालच्या कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या आढळल्या, तर कापडी सामान धुतल्याशिवाय पलीकडे जाऊ नये. नाहीतर उंदराचं घरटंही सोबत येतं.

सगळं चढल्यावर, पहिल्या लांबच्या प्रवासाआधी, वाट वजनकाट्याकडे वळवावी. साखर कारखान्याच्या दारात उसाची ट्रॉली जशी काट्यावर चढते, तसे अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रकथांब्यांवर सार्वजनिक काटे असतात. मोटारीची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या फलाटांवर उभी राहतात आणि तिन्हींचे आकडे छापलेली चिठ्ठी हातात येते. मग ट्रेलर सोडून एकट्या मोटारीचंही वजन करावं. दोन चिठ्ठ्यांच्या फरकातून ट्रेलरचं खरं वजन आणि हिचवरचा भार दोन्ही निघतात. पाण्याची टाकी भरलेली, गॅस पूर्ण, माणसं गाडीत, कुत्रा मागच्या सीटवर, असंच काट्यावर जावं. ट्रेलरचा आकडा कारखान्याच्या कमाल मर्यादेच्या वर गेला, तर ताडपत्री पुन्हा अंथरायची आणि खलबत्त्यापासून सुरुवात करायची.